मागं धरणारा

६ ऑक्टोबर, रविवार

मशीन आलं. शौकतनं गोव्याहून पिकअपमधून आणलं, ताडपत्रीत बांधून. रस्त्यात दोन ठिकाणी लोकांनी त्याला विचारलं म्हणे, आत गणपती आहे का. तलावाच्या काठावर ताडपत्री सोडली तेव्हा पिवळ्या रंगाची जुनी जेट-स्की निघाली. सीट एका बाजूला उसवलेली, बाकी अंग धड आहे.

शौकत माझा फुलंब्रीच्या शाळेतला मित्र. आता डोंगरवाडीच्या तलावावर बोटिंग चालवतो. पायानं चालवायच्या काही बोटी आणि एक मोटरबोट. तरुणपणी तो गोव्याच्या किनाऱ्यावर जेट-स्कीवरून पर्यटकांना फिरवायचा, म्हणून यातलं त्याला कळतं. पैठणला एवढं पाणी असून तिथं जायचं नाही, ते पक्ष्यांचं अभयारण्य आहे, हेही त्यानंच सांगितलं. काय चुकतं ते लिहून ठेवत जा, असंही म्हणाला. म्हणून ही वही.

मी पंचेचाळीस वर्षांचा आहे. वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या मालातले दोष शोधतो. गेल्या वर्षी कंपनीच्या सहलीत गोव्याला गेलो होतो. तिथल्या माणसानं पाचेक मिनिटं मशीन माझ्या हातात दिलं. परत आल्यावर त्या वर्षीची बढती माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलाला मिळाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. फेब्रुवारीत कोकणातल्या एका खाडीत हौशी लोकांची शर्यत असते, त्यात नवख्यांचा वेगळा गट असतो. नाव दिलं आहे.

तनुजाला, म्हणजे बायकोला, मशीन दाखवायला नेलं होतं. ती सिडकोत बायकांना स्कूटी शिकवते. तिनं मशीनभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, ब्रेक कुठाय. ब्रेक नसतो म्हणालो. ‘मग शिकवायला सोपं असंल,’ ती म्हणाली. म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

पहिला दिवस. यंत्र समजायला सोपं आहे. खालून पाणी ओढतं, मागून जोरानं फेकतं आणि त्या फेकलेल्या पाण्याच्या जोरावर वळतं. म्हणजे गॅस सोडला की हँडल नुसतं फिरतं, मशीन सरळच जातं. काठावर बसून मला हे लगेच पटलं. पाण्यात समोर बाभळी दिसायला लागल्या की गॅसच्या खटक्यावरचं बोट आपोआप सुटतं.

मनगटाला एक लाल दोरी बांधतात. आपण पडलो की ती निसटते आणि इंजिन बंद होतं. आज ती बऱ्याच वेळा निसटली.

शौकत म्हणाला, ‘शिवा, डर लागला की गॅस दे. सोडला की तू नुसता बसलेला माणूस.’

घरी आलो तेव्हा आईनं अंगावरचे ओरखडे बघितले. पान्यावर बसायचं वय हाय का तुझं, असं म्हणाली आणि हळद-तेल गरम करायला गेली.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज शौकतनं पाण्यात दोन निळे ड्रम दगड बांधून उभे केले. शर्यतीत अशाच बोया असतात. लाल बोयाला डावीकडं वळसा, पिवळ्याला उजवीकडं. मी ड्रमला वळसा घालतो पण फार लांबून. जवळून घ्यायला गेलो की ड्रमच्या दिशेनंच जातो.

तनुजा डबा घेऊन आली होती, काठावर बसून बघत होती. जेवताना म्हणाली, ‘तुम्ही वळताना ड्रमाकडं बघता.’ न बघता कसं वळणार, असं मी विचारलं. ती म्हणाली, तिच्याकडच्या बाया खड्ड्याकडं बघत बघतच खड्ड्यात जातात. शौकत हसला. मला वाटतं जमिनीवरच्या गोष्टी पाण्याला लागू करण्यात अर्थ नाही, आणि शिकवणारा एकच असलेला बरा. तसं मी तिला परतीच्या रस्त्यावर सांगितलं. बरं म्हणाली.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळीमुळं एक रविवार गेला. आज बरंच जमलं. एका बाजूनं ड्रम जवळून घेता येतो. शौकत म्हणतो, शेवटून दुसरा तरी नक्की येशील. मस्करी असावी.

१८ नोव्हेंबर, सोमवार

डाव्या हातानं लिहितोय, अक्षर वाईट येईल.

काल ड्रमवर गेलो. वेग होता, ऐन वेळी गॅस सुटला. उजवा खांदा ड्रमच्या लोखंडी कड्यावर आदळला. कॉलरबोन मोडलं आहे. ऑपरेशन नको, पण हात बरेच दिवस गळ्यात आणि पाण्यावर मार्चनंतरच, असं डॉक्टर म्हणाले. फेब्रुवारीचा प्रश्न मिटला.

शौकतनं मला मोटरबोटीतून काठावर आणलं. तनुजानं ओढणीची झोळी करून हात बांधला. मशीन तलावाच्या मध्यावर तरंगत होतं आणि वाऱ्यानं सांडव्याकडं सरकत होतं. मी शौकतला म्हणालो, आधी मशीन आण. तो मला सोडायला तयार नव्हता. तेव्हा तनुजा म्हणाली, मला तिथवर सोडा, मी आणते. ती पैठणची. पाठीला डबा बांधून गोदावरीत पोहायला शिकलेली, पाण्याची तिला भीती नाही. शौकतनं तिला मशीनपाशी उतरवलं आणि लगेच माझ्याकडं परत आला.

मशीन घेऊन ती सरळ काठाला आली नाही. एक मोठा वळसा घेतला, मग दुसऱ्या बाजूनं एक छोटा. मला वाटलं वळत नाही म्हणून असेल. नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, वळतं का ते बघत होते.

त्या वेळी मी दुखण्यात होतो, त्यामुळं नीट बघितलं नाही.

१ डिसेंबर, रविवार

मशीन पडून राहिलं तर पंपात गाळ बसतो. आठवड्यातून एकदा तरी चालवायला पाहिजे, आणि शौकतला रविवारी गिऱ्हाईक असतं. तनुजानं चालवावं हे मीच सुचवलं. नोंद करून ठेवतो.

तिनं तासभर चालवलं. ड्रम जवळून घेते, दोन्ही बाजूंनी. अर्थात तिचं वजन कमी आहे. वाराही नव्हता. मी मोबाईलवर तिच्या फेऱ्यांचा वेळ मोजत होतो, मग बॅटरी जपावी म्हणून बंद केलं.

१५ डिसेंबर, रविवार

शौकतनं आणखी ड्रम टाकले. आता शर्यतीसारखाच मार्ग झाला आहे. मला न विचारता टाकले, पण तलाव त्याच्याकडं आहे, त्यामुळं विचारायचा प्रश्न नव्हता.

चहा पिताना तो म्हणाला, शर्यतीत चालवणाऱ्याचं नाव बदलता येतं, त्यानं फोन करून विचारलंय. ‘भाभीला पाठवू या का?’ तनुजा कपाकडं बघत होती. म्हणाली, यांना विचारा. मी म्हणालो, मला काय हरकत असणार. आयोजकांकडं नाव गेलेलं आहे, मशीन आहे, वाया का घालवायचं.

तनुजा म्हणाली, ‘मनापासून सांगताय का?’

हो म्हणालो. प्रश्न मला अनावश्यक वाटला.

२२ डिसेंबर, रविवार

तलावावर गेलो नाही. खांदा दुखत होता. तनुजा स्कूटीवरून एकटीच गेली, संध्याकाळी आली.

रात्री जेवताना आई म्हणाली, ‘ती पान्यावरून आली की गानं म्हनती, अन् तू जेवत नाय. डॉक्टरला इचार.’

तनुजा गाणं म्हणते हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. डॉक्टरला भुकेबद्दल विचारीन.

२ जानेवारी, गुरुवार

हात झोळीतून सुटला. व्यायाम दिले आहेत.

आज कंपनीतून अर्धी सुट्टी घेतली आणि तलावावर गेलो. शौकत बाजाराला गेला होता. मशीन ठेवतो त्या छपरीची किल्ली कुठं असते ते मला माहीत आहे. मशीनचा गाडा पाण्यापर्यंत ढकलायला वेळ लागला. एकच फेरी मारायची होती, हळू. पहिल्या ड्रमापाशी वळायला गेलो तेव्हा खांद्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढं काही दिसेना. गॅस सोडला नाही, हे मात्र लिहून ठेवायला हवं. या वेळी सोडला नाही. वळसा चांगला आला. बघायला कुणी नव्हतं.

काठावर बराच वेळ बसून राहिलो. मशीन परत चढवताना एक गुराखी मदतीला आला.

घरी मागच्या दारानं आलो. पँट मोरीत भिजत घातली. तासाभरानं बघितलं तर तनुजानं ती पिळून दोरीवर टाकली होती. पँटला शेवाळ लागलेलं होतं.  तिनं खांदा दुखतोय का एवढं विचारलं. नाही म्हणालो.

१२ जानेवारी, रविवार

शर्यत सुरू कशी होते ते आज शौकतनं शिकवलं. सगळी मशीनं काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात एका ओळीत. समोर आडवा रबरी पट्टा ताणलेला. पट्टा सुटला की शर्यत सुरू. पण पाण्यावर मशीन एका जागी थांबत नाही, वाऱ्यानं, लाटेनं फिरतं. म्हणून प्रत्येकाचा एक माणूस पाण्यात उभा राहून मागून धरतो. पट्टा सुटताच त्यानं सोडायचं. जरा आधी सोडलं तर मशीन पट्ट्यात, जरा उशीर झाला तर बाकीचे पुढं.

‘शंकरपटात बैल धरतात ना, तसं,’ शौकत म्हणाला. आपणच धरणार असं त्याचं चाललं होतं. तनुजा म्हणाली, ‘नाही, हे धरतील.’ खांद्याचं काय, असं शौकतनं विचारलं. जोर डाव्या हातानं लावता येईल, उजवा नुसता आधाराला. मला जमेल म्हणालो.

आम्ही दिवसभर तेवढंच केलं. मागच्या कडीला दोन्ही हात, पाण्याचा झोत पोटावर येऊ नये म्हणून थोडं बाजूला, पाय वाळूत रोवून. शौकत काठावर दोरी धरून उभा, ती सोडली की मी हात सोडायचे. इंजिन चालू असलं की ते कडीतून हातात येतं, दंडात येतं, दातांपर्यंत जाणवतं. समोर फक्त तिची पाठ आणि हेल्मेट दिसतं.

मी हे काम चांगलं करतो. शौकतही तसं म्हणाला. एकदाही चुकलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

तनुजाच्या शिकाऊ बायका तलाव बघायला आल्या होत्या, एका जीपमधून. झेंडावंदन करून थेट आल्या. सोबत ढोकळा आणि मठ्ठा. तनुजा ड्रमांतून जायला लागली की त्या उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या. त्यातल्या गजाला नावाच्या बाईनं, कॉलेजात शिकवतात त्या, मला पाण्यातून बाहेर येताना पाहिलं आणि विचारलं, ‘भैया, मशीनची देखभाल तुम्हीच करता का?’

हो म्हणालो. ते खरंच आहे.

नंतर तनुजानं ओळख करून दिली तेव्हा त्या फार ओशाळल्या. ओशाळण्यासारखं काही नव्हतं. परतीच्या रस्त्यावर तनुजानं दोनदा तो विषय काढला, मी दोनदा सोडून दे म्हणालो. मग ती म्हणाली, ‘तुम्हाला नको असंल तर आपण जायलाच नको.’

मी म्हणालो, लॉज ठरलाय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काल पहाटे निघालो. शौकत पिकअप चालवत होता, मागं मशीन.  आईनं बांधून दिलेल्या धपाट्यांवर दिवस काढला.

आज खाडी बघितली. आपल्या तलावासारखी नाही. पाणी स्वतःहून आत येतं आणि बाहेर जातं. तनुजानं ओंजळीत घेऊन चाखलं आणि तोंड वाकडं केलं. सरावाला दिलेल्या वेळात तिनं काही फेऱ्या मारल्या. नवख्यांच्या गटात नऊ जण आहेत, बाई ती एकटीच. बाकीच्यांची मशीनं आमच्यापेक्षा नवी आहेत. एका पुण्याच्या मुलानं मला विचारलं, काका, तुमचा नंबर कोणता. मी तनुजाकडं बोट दाखवलं.

शर्यत दोन फेऱ्यांत आहे, उद्या एक, परवा एक. दोन्हींचे गुण मिळून निकाल. पट्ट्यापासून पहिली लाल बोया सरळ रेषेत आहे. तिथं जो पहिला पोचेल त्याला पुढं स्वच्छ पाणी. मागच्यांच्या डोळ्यांत नुसता फवारा जातो, काही दिसत नाही. म्हणजे सुरुवात बिघडली की पुढं काही करता येत नाही, निदान पुष्कळसं येत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पहिली फेरी झाली. तनुजा सहावी.

घडलं ते असं. आमची जागा ओळीत मधली होती. पट्टा सुटला. मी डावा हात सोडला. पायाखालची वाळू सरकली आणि उजवा हात कडीवरच राहिला, फार नाही, पापणी लवेपर्यंत. पण तिनं गॅस दिलेला होता. मागचा भाग एका बाजूनं अडकल्यामुळं मशीन तिरकं फिरलं आणि शेजारच्याच्या लाटेत गेलं. ती सरळ होईपर्यंत बाकीचे आठही जण बोयाच्या वाटेला लागले होते.

तिथून ती सहावी आली. फवाऱ्यात काही दिसत नसताना तिघांना मागं टाकलं. लोकांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या, मी ऐकल्या.

काठावर आली तेव्हा खाऱ्या पाण्यानं डोळे लाल झाले होते. म्हणाली, ‘मागचं टोक फिरलं.’ एवढंच.

शौकतनं मला पिकअपच्या पलीकडं नेलं. काय झालं विचारलं. खांद्यानं दगा दिला म्हणालो. खरं तर वाळू म्हणायचं होतं. तो थोडा वेळ माझ्या हाताकडं बघत राहिला. मग म्हणाला, ‘दुखरा हात तर आधी सुटायला पाहिजे होता, शिवा.’

मी म्हणालो, तसं काही सांगता येत नाही.

‘मी काठावरून बघत होतो. सुटला नाय का सोडला नाय?’

हा प्रश्न त्यानं विचारायला नको होता. आमची इतक्या वर्षांची ओळख आहे. मी पाणी आणायला गेलो.

उजव्या तळव्यावर कडीचा लाल वळ आहे. अजून गेलेला नाही.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळ

पुन्हा लिहितोय, कारण मघाचं पुरं झालं नव्हतं.

खाऱ्या पाण्यानं मशीन खराब होतं, म्हणून लॉजच्या अंगणात तनुजा पाइप लावून ते धूत होती. मी कपडा मारत होतो. शौकत मासे आणायला गेला होता. मी म्हणालो, उद्या शौकतला धरू दे. त्याचा दोन्ही हातांत जोर आहे. माझा खांदा अजून पक्का नाही, आणि तुझं नुकसान नको.

ती धूत राहिली. मला वाटलं पाण्याच्या आवाजात ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा म्हणालो.

तिनं नळ बंद केला. ‘नको. तुम्हीच धरा.’

मी कारण विचारलं. ती म्हणाली, तिच्याकडं शिकायला येणाऱ्या बायकांचे नवरे पहिले काही दिवस स्कूटीच्या मागं पळतात, कॅरिअर धरून. बायकोला तोल आलेला असतो, तरी धरून पळतात. ती त्यांना कधी ओरडत नाही. त्यांना वाटतं आपण पडू देत नाहीये.

मी म्हणालो, याचा इथं काय संबंध. मी काही पळत नव्हतो.

तनुजा माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. मग म्हणाली, ‘उद्या शौकतभाईंनी धरलं तर घरी जाऊन आपल्याला जन्मभर ते घेऊन बसावं लागेल. तुम्हीच धरायचं. आणि सोडायचं पण तुम्हीच.’

तिनं नळ पुन्हा सोडला.

जेवणात सुरमई होती. चांगली होती, मी थोडी खाल्ली.

१६ फेब्रुवारी, रविवार

परतीला निघण्याआधी लिहून घेतो. शौकत मशीन बांधतोय.

दुसरी फेरी सकाळी होती. ओहोटी लागलेली, त्यामुळं ओळ कालच्यापेक्षा पुढं, पायाखाली वाळू घट्ट. मी आधीच जाऊन पायानं चाचपून आलो होतो. तशी ती कालही घट्टच होती.

नऊ मशीनं, मागं नऊ माणसं. माझ्या डाव्या बाजूला पुण्याच्या मुलाचा बाप होता, उजवीकडं कुणाचा तरी भाऊ. सगळे छातीशी धरल्यासारखे कडीला धरून उभे. पट्टा सुटायच्या आधी थोडा वेळ नुसता इंजिनांचा आवाज असतो. तेव्हा दोघं चालवणारे मान वळवून आपापल्या माणसाकडं बघत होते, तयार आहेस ना म्हणून. तनुजानं बघितलं नाही. मी वाट पाहत होतो, ती बघेल म्हणून. तिची पाठ हलली नाही. काल जे झालं त्यानंतर मी असतो तर बघितलं असतं. मी तर दर वेळी बघितलं असतं.

हात काय करतील याची मला खात्री नव्हती. हे लिहिताना बरं वाटत नाही. तळव्यावरचा वळ कडीवर बरोबर बसला होता. मशीन थरथरत होतं आणि मला एवढंच वाटत होतं की हे सुटलं की इथं पाण्यात मी उभा आहे आणि बाकी काही नाही.

पट्टा सुटला. मी हात उघडले. दोन्ही, एकदम.

झोत थेट छातीवर आला. मी बाजूला उभं राहायचं विसरलो होतो. उताणा पडलो, खांद्यावर. पाण्याखाली गेलो तेव्हा वरून नऊ इंजिनं एकाच वेळी गेल्यासारखी वाटली. नाका-तोंडात खारं पाणी गेलं. उठून उभा राहिलो, डोळे पुसले आणि बघितलं तर लाल बोयाला सगळ्यांच्या पुढं पिवळं मशीन होतं. ती अंग एका बाजूला टाकून वळली, इतकी जवळून की बोया तिच्या लाटेनं आडवी झाली. मागचे सगळे फवाऱ्यात गेले.

माझ्या तोंडून काहीतरी मोठ्यानं निघालं. काय ते मला आठवत नाही. पुण्याच्या मुलाचा बाप माझ्याकडं बघत होता.

धरणाऱ्यांनी बाहेर या, असं माईकवरून सांगत होते. बाकीचे गेले. मी पाण्यातच राहिलो, शेवटी एक माणूस हाताला धरून न्यायला आला. तोपर्यंत एका मशीननं तिला सरळ टप्प्यात गाठलं होतं. तिथं आमच्या जुन्या इंजिनाचं काही चालत नाही. ती दुसरी आली.

दोन्ही दिवसांचे मिळून चौथी. पदक तिसऱ्यापर्यंत आहे. काल ती आणखी दोघांच्या पुढं असती तर पदक होतं, हे गणित मी केलं. तिनं केलं असणारच. शौकतनंही.

बाकीच्यांची मंडळी त्यांना घ्यायला काठावर पळत आली. ती मशीन हळू आणत माझ्यापाशी आली आणि इंजिन बंद केलं. मी कडी धरली. म्हणालो, ‘काल मी…’

ती हेल्मेट काढत होती. ‘काय?’ म्हणाली. कानात पाणी गेलं होतं बहुतेक.

मी म्हणालो, ‘तू फार चांगलं चालवतेस.’

हे मी तिला आधी कधी म्हणालो होतो का ते आठवून बघितलं. मशीनचं नाही, स्कूटीचंही नाही, कशाचंच.

ती हेल्मेट मांडीवर धरून तशीच बसून राहिली. मग तिनं हात पुढं केला, उतरायला आधार म्हणून असेल असं मला वाटलं. पण ती उतरली नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, ‘पडलात तेव्हा लागलं का?’

‘हो,’ म्हणालो. ‘फार दुखतंय.’

मग आम्ही दोघांनी मशीन गाड्यापर्यंत ढकलत नेलं. ती डावीकडून, मी उजवीकडून. शौकत काठावर गाड्याचे पट्टे सोडून उभा होता. तो पाण्यात उतरायला लागला तेव्हा तनुजानं त्याला हातानंच थांब म्हणून सांगितलं.